धूप : घाटावरची व किनाऱ्यावरची

बालाघाटावरील मांजरसुंब्यास समुद्राशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. परंतु उतारावर एकानेच बांध घातला तर पाण्याचा लोंढा शेजाऱ्याची माती नेतो, हे तेथील शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. सातपाटी, मिऱ्या, देवबाग येथे धूपप्रतिबंधक बंधारे झाले. पण भिंतीवर आपटून परतणारी लाट पायथ्याची वाळू उपसते आणि भिंत संपते तेथून पुढचा किनारा खाते. १९९० ते २०१८ या काळात देशाचा सुमारे एक तृतीयांश किनारा झिजला, असे केंद्राचीच पाहणी सांगते. आम्ही बंधाऱ्यांविरुद्ध नाही; घरात पाणी शिरलेल्या कोळ्यास उपदेश करणे अश्लाघ्य होय. परंतु गावागणिक निविदा काढण्याआधी सरकारने सबंध किनाऱ्याचा एक आराखडा करावा व खाडीमुखांतील वाळूउपसा प्रथम थांबवावा.