सोलापूरचा माळ आणि त्यावरचे भग्नावशेष

सोलापुरातून बार्शीच्या रस्त्याने नान्नज, वैराग करत तेरला जावे, परतताना तुळजापूर आणि नळदुर्ग पाहावे आणि दुसऱ्या दिवशी मंद्रूपच्या बाजूने भीमा-सीनेच्या संगमावर कुडलला उतरावे. दोन दिवसांत सहज होणारी ही वाट आहे. वाटेत दोन गोष्टी सतत दिसत राहतात : पडझड झालेल्या जुन्या वास्तू आणि त्यांच्याभोवतीचा मुरमाड, पिवळ्या गवताचा, झाडोरा नसलेला माळ. या दोहोंची सांगड प्रवासी एका ठरावीक पद्धतीने घालतात. इथे कधीकाळी समृद्धी होती, झाडी होती. मग पाऊस हटला, मुलूख ओसाड पडला आणि नगरे मोडली, असे ते सांगतात. ही कथा पुराव्याला उतरत नाही. या वास्तू उभ्या राहिल्या तेव्हाही हा मुलूख कोरडाच होता, आणि कोरडेपणाशी जमवून घेण्याच्या कौशल्यावरच इथली समृद्धी उभी होती, असे माझे म्हणणे आहे.

आधी पावसाचा हिशेब पाहू. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. तोच वारा घाट उतरून सोलापूर जिल्ह्यात येतो तोवर सरासरी साडेपाचशेच्या आसपासच उरते. जैसलमेरला मिळतो दोनशेच्या आसपास. तेव्हा सोलापूरला वाळवंट म्हणणे चूक आहे. हा पर्जन्यछायेतला गवताळ प्रदेश आहे आणि त्याला ही छाया सह्याद्रीने दिली आहे, गेल्या दोन-तीन शतकांतल्या कुऱ्हाडीने नव्हे. माळ जुना असल्याचा पुरावा मराठी वाङ्मयातही सापडतो. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी 2025 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पश्चिम महाराष्ट्रातल्या मध्ययुगीन चरित्रांतून, ओव्यांतून आणि लोककथांतून आलेल्या वनस्पतींच्या नोंदी तपासल्या. त्यांत बाभळीसारख्या काटेरी, उघड्या माळावर वाढणाऱ्या वनस्पतींचाच भरणा निघाला. निदान साडेसातशे वर्षांपूर्वीही हा भाग घनदाट अरण्य नव्हता, असा त्यांचा निष्कर्ष आहे. रा. चिं. ढेरे आणि गुंथर सोंथायमर या संशोधकांनी विठोबा, खंडोबा, बिरोबा या दैवतांचा माग काढत गवळी-धनगरांच्या परंपरेपर्यंत नेला, तोही याच बाजूने बोलतो. कळपामागे चालणाऱ्या माणसांची दैवते एवढी मोठी व्हायला कळपांना पुरेल एवढे गवत आणि ते गवत पिकवणारा माळ शतकानुशतके असावा लागतो.

आता तेर पाहू. तेरणेकाठचे हे गाव म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे मोठे शहर म्हणून त्याची नोंद आहे. तिथून साधे कापड आणि मलमल गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या विस्तीर्ण मुलखातून भडोचच्या बंदराकडे जाई, असे तो ग्रंथकार सांगतो. रस्ते नसतानाही गाड्या जात, म्हणजे मुलूख मोकळा असणार; म्हणून हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. पुढे कित्येक शतकांनी कोकणचे शिलाहार स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवत राहिले, इतका या गावाचा दबदबा होता. गावातले त्रिविक्रमाचे देऊळ जवळून पाहावे. विटांचे बांधकाम, मागची बाजू गजपृष्ठाकार आणि वर चैत्यगृहासारखे कमानदार छत. काळ्या दगडाच्या मुलखात हे वेगळेच उठून दिसते. गाव नदीच्या गाळावर वसलेले असल्याने विटेला माती हाताशी होती. संत गोरोबाकाका याच गावचे आणि व्यवसायाने कुंभार, हेही इथे आठवते. बाजारपेठ टिकायला धो-धो पाऊस लागतोच असे नाही. कापूस धरणारी काळी जमीन, विणणारे हात आणि बैलांना वाटेत चारा, एवढे पुरे. चारा माळ देत होता. तेरचे वैभव ओसरले त्याची कारणे मी पावसाआधी व्यापाराच्या वाटा बदलण्यात शोधेन. दुष्काळानेच गाव मोडले असते, तर तेराव्या शतकात तिथे संतमंडळींचा राबता राहिला नसता.

नळदुर्गला तर कोरड्या मुलखाची कारागिरी डोळ्यांसमोर उभी राहते. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 साली, किल्ल्याच्या पोटातून बोरी नदीवर बांध घातला गेला आणि त्या बांधाच्या भिंतीतच पाणीमहाल बांधला. पावसाळ्यात नदी बांधावरून वाहते, नर आणि मादी या दोन सांडव्यांतून पाणी कोसळते, आणि आतल्या दालनात उभा असलेला माणूस कोरडा राहतो. हे विलासाचे स्थळ होते यात शंका नाही. पण विलासाच्या आधी तो बांध आहे : वर्षातून मोजके महिने वाहणारे पाणी अडवून ठेवण्याची सोय. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी सोलापुरात तळे खोदवले, त्यामागे हीच गरज होती. संगमावरचे कुडलही कोरड्या मुलखातल्या नांदत्या वस्तीची साक्ष देते. तिथल्या संगमेश्वर मंदिरातल्या शके 940, म्हणजे 1018 सालच्या मराठी शिलालेखाकडे सोलापूरचे आनंद कुंभार यांनी अभ्यासकांचे लक्ष वेधले. हा लेख वाचणारा विजयी होईल, असा त्याचा आशय आहे. हजार वर्षांपूर्वी या कोरड्या भागात मराठी वाचणारा कोणी येईल अशी खात्री लेख कोरवणाऱ्याला होती.

यावर आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. दुर्गादेवीचा दुष्काळ, दामाजीपंतांनी भुकेल्यांसाठी मंगळवेढ्याची सरकारी कोठारे लुटवल्याची कथा, 1876 ते 78 चा दुष्काळ, 1972 ची खडी फोडणारी माणसे... या मुलखाने माणसे मेलेली पाहिली आहेत. मग कोरडेपणाचे गुणगान कशासाठी? उत्तर दामाजींच्या कथेतच आहे. कोठारांत धान्य होते, ते भुकेल्यांपर्यंत पोहोचत नव्हते. शिवाय कोरड्यात पीक काढण्याचे ज्ञान इथे आहेच : मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी आजही परतीच्या पावसाच्या ओलीवर येते. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेले मालदांडी 35-1 हे ज्वारीचे वाण दशकानुदशके टिकून आहे. सोलापुरात 1933 साली कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र सुरू झाले, ते याच ज्ञानाला शास्त्राची जोड द्यायला. आणि दुसरीकडे याच जिल्ह्यात उजनी धरणाच्या पाण्यावर ऊस उभा आहे, साखर कारखान्यांची रांग लागली आहे. अवर्षण निसर्गाचे असले, तरी टंचाईत वाटपाचा हिस्सा मोठा आहे, आणि तो आपण आकाशावर ढकलतो.

ओसाडपणाच्या या समजुतीची सर्वांत मोठी किंमत माळाने मोजली. सातबारावर पोटखराबा, सरकारी नकाशांवर पडीक, म्हणून तिथे काहीही केले तरी चालते. 1972 च्या दुष्काळात शिक्षक बी. एस. कुलकर्णी यांना नान्नजच्या माळावर माळढोक पक्षी दिसले. पुढे 1979 साली त्यांच्यासाठी अभयारण्य झाले ते तब्बल 8,496 चौरस किलोमीटरचे. त्यात गावे, शेते, शहरेही आली. नंतर ते 1,222 चौरस किलोमीटरवर आणावे लागले. रेघ आखण्यातच घोळ झाला आणि लोकांचा रोष पक्ष्यावर निघाला. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. तिला दूरवरचे दिसायला हवे, आणि आपण माळ ‘हिरवा’ करायला गिरिपुष्पाची झाडे लावली. अलीकडे तिथे एखाददुसराच पक्षी दिसतो. काळवीट, लांडगे आणि धाविक अजून आहेत. झाडे लावणे वाईट कसे, असे विचारणारे पुष्कळ भेटतात. पवन्या आणि कुसळीच्या गवतात लपणाऱ्या, धावणाऱ्या, अंडी घालणाऱ्या जिवांना सावली देऊन आपण बेघर करतो, हे त्यांना सांगावे लागते. वनखात्याने नान्नजचे गिरिपुष्प उपटावे, धनगरांच्या कळपांना ठरल्या हंगामात आत येऊ द्यावे आणि माळाला पडीक या सदरातून बाहेर काढून गवताळ प्रदेश म्हणून स्वतंत्र नोंद द्यावी. कुडल आणि तेर या गावांना पुरातत्त्वाची पाटी मिळते. त्यांना शतकानुशतके पोसणाऱ्या माळालाही त्याच नकाशावर, त्याच जतनाच्या यादीत जागा हवी.