संगणक सुरू होण्यातील अडथळे आणि परस्परविरोधी सॉफ्टवेअर : शिरूर व दौंड तालुक्यांच्या संदर्भात निदानपद्धतीचे विवेचन

बीजसंज्ञा : संगणक प्रारंभ, अँटिव्हायरस, सेफ मोड, क्लीन बूट, माहितीची सुरक्षितता.

प्रस्तावना :

शिरूर व दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील दोन तालुके होत. रांजणगाव व कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहती, दौंडचे रेल्वे जंक्शन, साखर कारखाने, पतसंस्था, शाळा व महाविद्यालये यांमुळे या परिसरातील दैनंदिन व्यवहार आज मोठ्या प्रमाणावर संगणकावर अवलंबून आहेत. २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनने एम.एस.-सी.आय.टी. हा अभ्यासक्रम सुरू केल्यानंतर संगणक साक्षरतेचा प्रसार तालुक्याच्या गावांपर्यंत झाला. संगणक हाताळणारे हात वाढले. परंतु तो सुरूच झाला नाही तर काय करावे, या प्रश्नाला मिळणारे उत्तर बहुधा एकच असते, ते म्हणजे 'फॉरमॅट मारा'. या उपायाने संगणक पुन्हा सुरू होतो हे खरे. परंतु पतसंस्थेची खतावणी, विद्यार्थ्यांचे गुणतक्ते किंवा दुकानदाराची उधारीची नोंद त्यासोबत कायमची नष्ट होऊ शकते. वास्तविक, संगणक सुरू न होण्याचे कारण पुष्कळदा दोन सॉफ्टवेअरमधील परस्परविरोध हे असते आणि तो विरोध माहिती न गमावता शोधून काढता येतो. ही निदानपद्धती स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

विरोधाचे स्वरूप :

संगणकाचे बटण दाबल्यापासून पडद्यावर चिन्हे दिसेपर्यंत काही टप्पे क्रमाने पार पडतात. प्रथम यंत्रातील मूलभूत आज्ञावली हार्डवेअरची तपासणी करते. त्यानंतर विंडोजचा गाभा व अत्यावश्यक ड्रायव्हर स्मृतीत येतात. पुढे पार्श्वभूमीवर चालणाऱ्या सेवा सुरू होतात आणि शेवटी वापरकर्त्याने प्रवेश केल्यावर त्याच्यासाठी नेमलेले प्रोग्रॅम उघडतात. अँटिव्हायरसचा ड्रायव्हर याच क्रमात फार लवकर, विंडोजच्या गाभ्यासोबत सुरू होतो. कारण विषाणूच्या आधी जागे होणे हे त्याचे कामच आहे. प्रत्येक फाइल उघडली जाताना तो मध्ये उभा राहून तिची तपासणी करतो. असे दोन पहारेकरी एकाच दारावर नेमले, तर दोघेही एकमेकांची तपासणी करू लागतात आणि आत कोणालाच जाता येत नाही. एकेरी लोहमार्गावर समोरासमोर आलेल्या दोन गाड्यांनी एकमेकींच्या हटण्याची वाट पाहत थांबावे, तशी ही कोंडी असते. येथे यंत्र मोडलेले नसते आणि दोन्ही सॉफ्टवेअर स्वतंत्रपणे निर्दोष असू शकतात. दोष त्यांच्या एकत्र येण्यात असतो.

काही नोंदलेली उदाहरणे :

९ एप्रिल २०१९ रोजी मायक्रोसॉफ्टने दिलेल्या सुरक्षा सुधारणांनंतर विंडोज ७, विंडोज ८.१ व काही सर्व्हर आवृत्त्यांचे अनेक संगणक सुरू होताना गोठू लागले अथवा अत्यंत मंद झाले. सोफोस, अव्हास्ट, अविरा, मॅकॅफी आदी अँटिव्हायरस असलेल्या संगणकांवर ही अडचण उद्भवली. विंडोजच्या एका अंतर्गत घटकात झालेल्या बदलामुळे कोंडी निर्माण होऊ शकते, असे मॅकॅफीचे स्पष्टीकरण होते. यावर सोफोसने सांगितलेला उपाय साधा होता : सेफ मोडमध्ये जाऊन अँटिव्हायरसची सेवा बंद करावी, संगणक नेहमीप्रमाणे सुरू करावा, नवी सुधारणा काढून टाकावी आणि मग सेवा पूर्ववत करावी. यात फॉरमॅट करण्याचा प्रश्नच आला नाही.

१९ जुलै २०२४ ची घटना याहून व्यापक होती. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरसाठी भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी एक सदोष फाइल पाठविली गेली. सॉफ्टवेअर २० घटकांची माहिती पुरवीत होते, तर नव्या नियमाला २१ व्या घटकाची अपेक्षा होती. ही विसंगती विंडोजच्या गाभ्यात चालणाऱ्या ड्रायव्हरमध्ये असल्याने संपूर्ण संगणकच बंद पडत असे. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणक बाधित झाले. भारतात विमानसेवा विस्कळीत झाली; रिझर्व्ह बँकेच्या माहितीनुसार १० बँका व वित्तसंस्थांना किरकोळ अडचणी आल्या. येथेही सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल काढून टाकणे एवढाच उपाय पुरेसा होता. मात्र तो बव्हंशी प्रत्येक यंत्रापाशी प्रत्यक्ष बसून करावा लागला.

निदानाची पद्धती :

१) टप्पा ओळखणे : पडद्यावर काहीच येत नसेल, तर संशय वीजपुरवठा, रॅम किंवा अन्य हार्डवेअरवर घ्यावा. विंडोजचे चिन्ह येऊन संगणक अडकत असेल, तर ड्रायव्हर किंवा सेवा तपासावी. संकेतशब्द दिल्यानंतर अडकत असेल, तर आपोआप उघडणारे प्रोग्रॅम तपासावेत. अचानक वीज गेल्यानंतर उद्भवलेल्या तक्रारीत डिस्कवरील फाइल खराब झाल्याची शक्यताही विचारात घ्यावी.

२) अलीकडील बदल आठवणे : काल काय बसविले, कोणता प्रिंटर जोडला, कोणती सुधारणा आली, हे विचारावे. एक अँटिव्हायरस असताना दुसरा बसविला गेला आहे काय, हे आवर्जून पाहावे.

३) सेफ मोड : या अवस्थेत विंडोज केवळ आवश्यक ड्रायव्हर घेऊन सुरू होते. विंडोज ७ पर्यंत त्यासाठी एफ-८ ही कळ पुरेशी होती. विंडोज १० व ११ मध्ये सुरुवात सलग काही वेळा अयशस्वी झाल्यास दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो व तेथून सेफ मोड निवडता येतो. संगणक येथे नीट चालला, तर हार्डवेअर बहुधा शाबूत असून दोष नंतर बसविलेल्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, असे मानण्यास आधार मिळतो. महत्त्वाच्या फाइलींची प्रत याच वेळी पेन ड्राइव्हवर घ्यावी.

४) क्लीन बूट व अर्धे-अर्धे वगळणे : 'एमएसकॉन्फिग'मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सेवा लपवून उरलेल्या सेवा बंद कराव्यात. संगणक सुरू झाल्यास त्यांतील निम्म्या सेवा चालू करून पाहाव्यात. दोषी सेवा एकच असल्यास ३२ सेवांतून ती अवघ्या पाच फेऱ्यांत सापडते. परंतु दोन्ही अर्धे गट स्वतंत्रपणे निर्दोष ठरले आणि एकत्र मात्र अडले, तर विरोध करणारी जोडी दोन गटांत विभागली गेली आहे असे समजावे. अशा वेळी पहिला गट पूर्ण चालू ठेवून दुसऱ्याची विभागणी करावी. एक दोषी सापडल्यावर तो चालू ठेवून पहिल्या गटाचीही तशीच विभागणी करावी.

५) निराकरण : सापडलेल्या जोडीपैकी एकाची नवी आवृत्ती बसवावी किंवा एक काढून टाकावे. अँटिव्हायरस काढताना त्याच्या निर्मात्याने दिलेले साधन वापरावे; अन्यथा त्याचा ड्रायव्हर मागे उरण्याची शक्यता असते.

घ्यावयाची दक्षता :

अनेक नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असते. तिची ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली अगोदर कागदावर नोंदवून ठेवावी. तिच्याअभावी संगणक दुरुस्त होऊनही माहिती हाती लागत नाही. एका संगणकावर एकच अँटिव्हायरस सक्रिय ठेवावा. कार्यालयातील सर्व संगणकांवर नवी सुधारणा एकाच दिवशी न बसविता प्रथम एका यंत्रावर तिची चाचणी घ्यावी. फॉरमॅट अटळच ठरल्यास डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून आधी माहिती काढून घ्यावी.

समारोप :

परस्परविरोधी सॉफ्टवेअरमुळे उद्भवणारा अडथळा हा तर्काने सुटणारा प्रश्न आहे. त्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. क्रमाने वगळत जाण्याचा संयम लागतो. तालुक्याच्या ठिकाणी तज्ज्ञ नेहमीच हाताशी असतो असे नाही. म्हणून महाविद्यालयांच्या संगणक विभागांनी प्रात्यक्षिकांत या पद्धतीचा समावेश केल्यास शिरूर-दौंड परिसरातील संस्थांना आपल्या नोंदी वाचविणारे प्रशिक्षित मनुष्यबळ स्थानिक पातळीवरच उपलब्ध होईल. संगणक पुन्हा विकत घेता येतो. त्यातील वर्षानुवर्षांच्या नोंदी मात्र विकत मिळत नाहीत.