मीठ ठेवायचं कुठे?

दुपारी ऊन तापलेलं असताना खाडीकाठच्या तिवराचं एक पान तोडून चाटून पाहावं. वरून तुळतुळीत हिरवं, खालून राखाडी-पांढरट असं हे पान जिभेला चक्क खारट लागतं. हाताशी भिंग असेल तर पानावर मिठाचे बारीक खडे चमकताना दिसतात. खाडीच्या पाण्याचे शिंतोडे उडून वाळले असतील, असा पहिला अंदाज येतो. पण भरतीचं पाणी जिथवर कधी पोचत नाही त्या शेंड्याच्या पानांवरही मीठ असतं. ते झाडानेच आतून बाहेर टाकलेलं असतं.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. भाताच्या नाजूक जातींची रोपं लिटरमागे तीन-चार ग्रॅम मिठातच मान टाकायला लागतात. फुलं येणाऱ्या साऱ्या वनस्पतींमध्ये लिटरला बारा-एक ग्रॅम मिठात उगवून, फुलून, बी धरू शकणाऱ्या जाती जेमतेम एक टक्का भरतात. या एक टक्क्याला काय जमतं आणि बाकीच्यांना का जमत नाही, यावर गेली साठ-सत्तर वर्षं जगभर काम चालू आहे. आपल्याकडे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात जी. व्ही. जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकात कोकणातल्या खारफुटीच्या प्रकाशसंश्लेषणाचा अभ्यास केला, तो याच प्रश्नाच्या पोटातला.

मिठाचा त्रास दोन हप्त्यांत होतो. पहिला त्रास तहानेचा. पाणी कमी खारट बाजूकडून जास्त खारट बाजूकडे जातं. मातीतलं पाणी मुळाच्या आतल्या रसापेक्षा खारट झालं, की मुळं चिखलात बुडालेली असूनही झाडाला पाणी ओढता येत नाही. वाढ लगेच मंदावते, नवी पानं छोटी येतात. दुसरा त्रास सावकाश येतो, दिवसांनी किंवा आठवड्यांनी. पाण्याबरोबर थोडं थोडं मीठ वर जातंच. पानातून पाण्याची वाफ होते आणि मीठ मागे राहतं. म्हणून जुनी पानं आधी करपतात, तीही शेंड्याकडून. ऑस्ट्रेलियातल्या राना मन्स यांनी हे दोन टप्पे वेगळे करून दाखवले. ते महत्त्वाचं होतं, कारण तहानेवरचा उपाय विषबाधेवर चालत नाही.

विषबाधा हा शब्द मुद्दाम वापरला. पेशीतली बरीचशी कामं पोटॅशियमच्या भरवशावर चालतात; प्रथिनं बनवण्याचं कामही त्यातलंच. सोडियम दिसायला पोटॅशियमसारखा, भारही तोच. तो पोटॅशियमच्या जागा अडवतो, पण पोटॅशियमचं काम मात्र करत नाही.

मग खारफुटीच्या पेशीतली यंत्रणाच वेगळ्या घडणीची असणार, मिठाला दाद न देणारी, असं मानणं साहजिक होतं. १९७२ मध्ये हे तपासलं गेलं. इंग्लंडमध्ये टिम फ्लॉवर्स यांनी आणि ऑस्ट्रेलियात ग्रीनवे व ऑस्मंड यांनी खाऱ्या जमिनीतल्या वनस्पतींमधली एन्झाइम्स बाहेर काढून परीक्षानळीत त्यांच्यावर मीठ टाकून पाहिलं. ती वाटाणा-घेवड्याच्या एन्झाइम्सइतकीच ढेपाळली. समुद्रकाठच्या झाडाची पेशीही आतून आपल्या परसातल्या वालासारखीच मिठाला नाजूक निघाली. मला विचाराल तर या सगळ्या अभ्यासातला सर्वांत मोलाचा निकाल हाच. तिथून पुढे प्रश्नच बदलला. झाड मीठ सोसतं कसं, हे विचारण्याऐवजी झाड मीठ ठेवतं कुठे, हे विचारायला हवं होतं.

मोठ्या झालेल्या वनस्पतीपेशीचा नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग एका पाण्याच्या पिशवीने व्यापलेला असतो. पाठ्यपुस्तकात तिला रिक्तिका म्हणतात. खरं काम चालतं ते कडेच्या उरलेल्या पातळ थरात. जुन्या घरात नको ते सामान माळ्यावर टाकून स्वयंपाकघर मोकळं ठेवतात, तसं खारं झाड सोडियम रिक्तिकेत कोंबतं आणि कामाचा थर स्वच्छ ठेवतं. यात एक फायदाही आहे. रिक्तिकेत मीठ भरलं की पेशी आतून खारट होते आणि बाहेरच्या खाऱ्या पाण्यातूनही पाणी ओढू शकते. म्हणजे दुसऱ्या त्रासाचं कारणच पहिल्या त्रासावरचा उपाय होतो.

पण रिक्तिका खारट आणि भोवतालचा थर गोडा राहिला, तर त्या थरातलं पाणी रिक्तिकेकडे ओढलं जाईल. म्हणून झाड त्या थरात निरुपद्रवी पदार्थ साठवून तोल सांभाळतं. तिवर त्यासाठी ग्लायसीन बीटेन वापरतो, दुसऱ्या काही वनस्पती प्रोलीन किंवा मॅनिटॉल. हे पदार्थ घडवायला ऊर्जा लागते. तेवढ्याच कामासाठी मीठ आत घेण्यापेक्षा दहापटीच्या घरात. पातळ थरापुरते ते परवडतात, सगळी पेशी त्यांनी भरायची तर झाडाचं दिवाळं निघेल. खाऱ्या जमिनीतली झाडं खुजी का राहतात, याचं अर्धं उत्तर या हिशेबात आहे.

साठवायलाही मर्यादा असते, त्यामुळे मुळात कमीत कमी मीठ आत घ्यायचं ही पहिली चाळणी. स्क्रिप्स सागरविज्ञान संस्थेतले पेर शोलांडर यांनी ही चाळणी मोजण्यासाठी एक साधी युक्ती काढली. झाडाची डहाळी कापायची, ती पोलादी डब्यात उलटी ठेवायची, कापलेलं टोक तेवढं झाकणातून बाहेर. मग डब्यात वायूचा दाब वाढवत न्यायचा. ज्या दाबाला कापलेल्या टोकावर रस पाझरतो, तितक्याच जोराने झाड पाणी खेचत होतं असं समजायचं. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या मोजण्यांत खारफुटीचा हा जोर तीस ते साठ वातावरणांइतका भरला. समुद्राच्या पाण्यातून गोडं पाणी वेगळं काढायला पंचवीसेक वातावरणं पुरतात. पाझरलेला रस जवळजवळ गोडा होता. पुढे त्यांनी खारफुटीच्या मुळांवर विषप्रयोग करून पाहिला, तरी मीठ अडतच राहिलं. म्हणजे हे गाळणं जिवंत पेशीच्या मेहनतीवर नव्हे, तर मुळाच्या बांधणीवर चालतं. मुळाच्या आतल्या भिंतींवर मेणासारख्या पाणीरोधक पदार्थाचा लेप असतो. तो चुकवून मीठ फारसं पुढे जात नाही. नव्वद टक्क्यांहून जास्त मीठ मुळाशीच थांबतं.

उरलेल्या मिठाचं काय करायचं, यात मात्र घरोघरी निराळी रीत. कांदळ मुळाशीच जास्त काटेकोर. त्याच्या पानावर मीठ दिसत नाही. तिवर आणि काजळा थोडी ढिलाई ठेवतात, त्यांचा रस कांदळाच्या रसापेक्षा बराच खारट असतो, आणि मग पानावरच्या सूक्ष्म ग्रंथींतून ते मीठ बाहेर टाकतात. सुरुवातीला चाटलेलं मीठ ते हेच.

पानावरच्या अशा रचनांबाबत मात्र सावध राहावं लागतं. क्विनोआ या धान्यपिकाच्या पानावर पारदर्शक फुगीर पेशींची पुटकुळ्यांसारखी दाटी असते. त्या मिठाच्या कोठ्या आहेत, असं कित्येक वर्षं लिहिलं-शिकवलं जात होतं. कोपनहेगनच्या संशोधकांनी या पुटकुळ्या नसलेली क्विनोआची रोपं मिठात वाढवून पाहिली. त्यांचं काहीही बिघडलं नाही. बिघडलं ते किडींमुळे. पुटकुळ्या नाहीत म्हटल्यावर किडींनी रोपांवर ताव मारला. २०२३ साली हे प्रसिद्ध झालं. दिसायला पटणारं स्पष्टीकरण प्रयोगाविना किती काळ टिकतं, याचा हा चांगला नमुना.

आता पेशीच्या दारावरच्या प्रथिनांकडे. त्यांचा शोध लागला तो खारफुटीत नव्हे, तर अराबिडॉप्सिस नावाच्या मोहरीच्या कुळातल्या एका चिमुकल्या, मिठाला नाजूक तणात. नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या ॲरिझोना विद्यापीठात जियान-कांग झू यांच्या चमूने या तणाच्या बियांमध्ये रसायनाने जागोजाग बिघाड घडवले. मग उभ्या ठेवलेल्या तबकडीत, घट्ट जेलीसारख्या अगारवर रोपं वाढवली. मुळं सरळ खाली उतरली. ती रोपं उचलून मीठ घातलेल्या तबकडीवर ठेवली आणि तबकडी उलटी केली, मुळांची टोकं वर. निरोगी रोपाचं मूळ एक-दोन दिवसांत आकड्यासारखं वळतं आणि पुन्हा खालच्या दिशेने वाढायला लागतं. हजारो मुळं अशी वळली. मधूनच एखादं न वळता तसंच राहिलं. मीठ नसताना तेच रोप व्यवस्थित वाढत असेल, तर त्याच्यातला बिघाड मिठाशी संबंधित आहे हे नक्की.

अशा न वळलेल्या मुळांतून तीन प्रथिनांची साखळी हाती आली. मीठ लागताच पेशीत कॅल्शियमची पातळी क्षणभर उसळते. एक प्रथिन ती उसळी ओळखून दुसऱ्याला जागं करतं, दुसरं तिसऱ्यावर फॉस्फेटचा शिक्का मारतं, आणि तिसरं, जे पेशीच्या बाहेरच्या पडद्यात बसलेलं असतं, सोडियम बाहेर फेकायला लागतं. या साखळीला एसओएस असं नाव पडलं. गंमत अशी की ही साखळी मिठाला नाजूक असलेल्या तणातही शाबूत आहे. भातातही आहे. सामान बहुतेक सगळ्यांकडे सारखंच. फरक पडतो तो कोणतं प्रथिन किती, कुठल्या ऊतीत आणि किती लवकर कामाला लागतं, यामुळे.

रिक्तिकेत सोडियम ढकलणारं प्रथिनही सापडलं. १९९९ मध्ये एदुआर्दो ब्लुमवाल्ड यांच्या प्रयोगशाळेने ते अराबिडॉप्सिसमध्ये वाजवीपेक्षा जास्त बनवायला लावलं, तेव्हा ते तण लिटरला बारा-एक ग्रॅम मिठात वाढलं. दोन वर्षांनी टोमॅटोवर तोच प्रयोग झाला. मीठ पानांत साठलं, फळात नाही. आता खाऱ्या पाण्यावर शेती होणार अशा बातम्या तेव्हा झळकल्या. असा टोमॅटो अजून बाजारात आलेला नाही. काचघरातल्या कुंडीत मीठ सगळीकडे सारखं असतं. शेतात दोन पावलांवर ते बदलतं, पावसासरशी उतरतं, उन्हासरशी चढतं, आणि सोबत उष्मा, चिखल, जस्ताची कमतरता असं बरंच काही असतं. एकाच जनुकाच्या बळावर हे सगळं निभावेल असं तेव्हाही मानायला नको होतं.

पिकांमध्ये खरं यश मिळालं ते तिसऱ्याच ठिकाणी, खोडाच्या वाटेवर. मुळातून वर जाणाऱ्या रसातलं सोडियम वाटेतच काढून मुळाकडे परत ठेवणारं एक प्रथिन आहे. सुंदरबनच्या बाजूच्या नोना बोकरा या देशी भातात त्याचं जास्त कार्यक्षम रूप निघालं. शांघायच्या संशोधकांनी २००५ मध्ये ते जनुक शोधलं. मन्स यांच्या गटाने तशाच जातीचं जनुक एका प्राचीन गव्हातून पास्त्याच्या गव्हात आणलं, तेही नेहमीच्या संकराने. २०१२ मध्ये त्यांनी दाखवलं, की खाऱ्या शेतात त्याने उत्पन्न २५ टक्क्यांपर्यंत वाढतं आणि चांगल्या जमिनीत घटत नाही. हे दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मिठाला टिकणारी पण एरवी कमी पिकणारी जात शेतकरी घेत नाही.

भातात याच कामाचा जनुकपट्टा केरळच्या पोक्कलीतून घेतला गेला. साल्टोल म्हणून तो ओळखला जातो आणि आज कित्येक जातींत संकराने उतरवला जातोय. पोक्कलीसारखीच जुनी वाणं आपल्याकडेही आहेत: रायगडच्या खारेपाटात काळा राता आणि भुरा राता, गोव्याच्या खाजनात कोरगूट. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने खाऱ्या जमिनीसाठी पनवेल १, २, ३ या जाती दिल्या.

बांध आणि त्यातली पाण्याची दारं, म्हणजे उघाडी, नीट असली तरी खारजमिनीत मीठ जात नाही, ते फक्त खाली बसतं. मृगाचा पाऊस वरचा थर धुतो, म्हणून शेतकरी तो धुऊन निघेपर्यंत थांबतो आणि मग मोड आलेलं बी रहू पद्धतीने फेकतो किंवा लावणी करतो. भाताचं रोप कोवळं असतानाचा धोका त्याने असा टाळलेला असतो. पण भाताला मीठ दोनदा बाधतं. दुसरी वेळ फुलोऱ्याची. पाऊस लवकर ओसरला की पाणी आटत जातं तसं खालचं मीठ वर चढतं, परागकण वांझ होतात आणि लोंब्या पोचट राहतात. साल्टोल मुख्यतः रोपावस्थेत उपयोगी पडतं. रोप असताना तगलेली जात फुलोऱ्यात तगेलच असं नाही. या दोन गुणांचा एकमेकांशी फारसा मेळ बसत नाही.

फुलोऱ्यातली ताकद तपासणंही कटकटीचं, कारण भाताची खालची पानं मीठ स्वतःत जिरवून वरच्या पानाला वाचवतात, आणि रोप कशामुळे तगलं ते कळत नाही. म्हणून फिलिपाइन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत एक पद्धत बसवली गेली. लोंबी बाहेर पडण्याआधी रोपाची खालची सगळी पानं कात्रीने छाटायची, वरची दोनच ठेवायची आणि मग खारं पाणी द्यायचं. मीठ ठेवायला जुनी पानं नाहीत म्हटल्यावर ते थेट लोंबीजवळच्या पानाशी येतं. त्यानंतर प्रत्येक लोंबीतले भरलेले दाणे आणि पोचट दाणे वेगळे करून मोजत बसायचं.