राईनपाड्यानंतरची धुळ्याची पीटीएस

धुळ्याच्या पोलीस प्रशिक्षण विद्यालयात (पीटीएस) घडणाऱ्या शिपायाला पुढे कशाला तोंड द्यावे लागेल, हे साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याने दाखवून दिले. 1 जुलै 2018 रोजी, मुले पळवणारी टोळी फिरतेय या व्हॉट्सॲपवरच्या अफवेने पेटलेल्या जमावाने भिक्षुकीसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत ठार मारले. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने जमावहिंसा रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात नोडल अधिकारी नेमायला सांगितले, व्हॉट्सॲपनेही भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली. दोन्ही पावले योग्यच. पण जमावापुढे आधी पोहोचतो तो ठाण्यातला अंमलदार. माहितीची सुरक्षा आणि मनाची खंबीरता त्याला एकत्रच शिकवली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

जप्त मोबाइलचेच पाहा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते, त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलवरून काढलेली ओळखसंख्या, नोंदवावी लागते. फाइलमध्ये एका अक्षराचा फरक पडला तरी ती संख्या बदलते. पण मारहाणीचे व्हिडिओ बघून सुन्न झालेला, रात्रभर बंदोबस्त करून आलेला माणूस तोच व्हिडिओ मित्रांच्या ग्रुपवर टाकतो, तेव्हा कमी पडते ते तंत्रज्ञान नव्हे. केंद्राच्या सायट्रेन या पोलिसांसाठीच्या ऑनलाइन पोर्टलवर सायबर अभ्यासक्रम आहेत, प्रमाणपत्रही मिळते. मात्र एकट्याने पडद्यासमोर बसून हा प्रसंग निभावता येत नाही. चोपडा, पाचोरा, शिरपूर इथल्या अंमलदारांना धुळ्याच्या प्रशिक्षकांशी जोडून, घडलेली प्रकरणे त्यांनी बैठकीत एकमेकांपुढे उलगडावीत.

ड्युटीचे तास कमी करा, मनोबलाचे वर्ग कशाला, असा आक्षेप येतो. तास कमी व्हायलाच हवेत, त्यात तडजोड नको. पण आठ तासांच्या पाळीतही राईनपाडा समोर येऊ शकतो. दुसरा आक्षेप माहितीच्या गळतीचा. त्यासाठी नावे व छायाचित्रे वगळून, सरकारी यंत्रणेमार्फतच चर्चा व्हावी. खरी अडचण हुद्द्याची आहे: साहेबांपुढे कोणता शिपाई झोप उडाल्याचे कबूल करील? म्हणून त्या बैठकीत वरिष्ठ नकोत, आणि तिथे बोललेले गोपनीय अहवालात उतरणार नाही, हे लेखी आदेशाने आधीच ठरले पाहिजे.