शाळा आली अंगणात, औषध आले दारात

दिवाळीची साफसफाई निघाली, की माळ्यावरून एक गाठोडे हमखास खाली येते. मुलीला आखूड झालेले फ्रॉक, बाहीला रफू केलेला स्वेटर, निम्म्या कोऱ्या वह्या, कडा दुमडलेली गोष्टींची पुस्तके. टाकून द्यायला जीव होत नाही. मग घरातले कोणीतरी म्हणतेच, "अगं, आदिवासी मुलांना पाठवून दे की!" त्यामागचे मन चांगले असते, यात शंका नाही. पण डोंगरातल्या त्या मुलाला खरोखर हवे असते तरी काय, याचा विचार आपण सहसा करीत नाही. ज्यांनी या कामात उभा जन्म घालवला, त्यांचे अनुभव या बाबतीत फार बोलके आहेत.

मुले येत नाहीत? मग आपण जाऊ!

ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डी या गावी खेड्यातल्या मुलांसाठी बालवाडी सुरू केली. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. त्याच सुमारास अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताईंचे लग्न तेराव्या वर्षी झाले आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य आले. पण त्या रडत बसल्या नाहीत. शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि पुढचे सारे आयुष्य त्यांनी या मुलांना दिले.

बोर्डीत बालवाडी होती, पण दलित वस्तीतली मुले तिकडे फिरकत नसत. मग शाळाच वस्तीवर गेली. तिथल्याच एखाद्या अंगणात मुले जमवायची, आधी हातपाय धुवायचे, नखे कापायची, केस विंचरायचे आणि मग गाणी, गोष्टी, खेळ. अंगणात भरणारी, म्हणून तिचे नाव 'अंगणवाडी'. महागडी साधने नव्हती. शंख-शिंपले, बिया, पाने, खडे यांवरच मुले मोजायला शिकत. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव मिळाले. आज देशभर रुळलेला हा शब्द असा आपल्याकडच्या एका अंगणातून निघालेला आहे, बरं का!

१९५७ साली हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. आजूबाजूला वारली लोकांची वस्ती. इथे अडचण निराळी होती. आईबाप पहाटेच मजुरीला जात. आठ वर्षांच्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड आणि मधले हाताला धरलेले. ती शाळेत जाणार कशी? या बायांनी तिला दोष दिला नाही. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली, आणि तिला 'विकासवाडी' म्हटले. तान्हे पाळण्यात, मधले बालवाडीत आणि ताई पाटीपुढे! जी मुले गुरांमागे जात, त्यांच्यासाठी शिक्षक कुरणात गेले. ती झाली 'कुरणशाळा'.

पाहा, यातली प्रत्येक अडचण घरगुती होती. ती ओळखायला घर चालवणाऱ्या बाईचीच नजर हवी. ताराबाई १९७३ साली गेल्या. अनुताई १९९२ साली निधन होईपर्यंत कोसबाडलाच राहिल्या.

पहिले अठ्ठावीस दिवस

पण शाळेत जायला मूल आधी जगायला तर हवे!

महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला गडचिरोली जिल्हा आहे. तिथे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली 'सर्च' ही संस्था सुरू केली. १९८८ साली त्यांच्या कामाच्या गावांत जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२१ बाळे पहिला वाढदिवस पाहत नव्हती. नवजात बाळांचे मृत्यू त्यांत मोठ्या संख्येने होते. जन्मतः वजन अडीच किलोच्या खाली, अंग गार पडलेले, जंतुसंसर्ग झालेला, दूध ओढायची ताकद नाही. दवाखाना दूर, पावसाळ्यात नाल्यांना पूर, आणि ओल्या बाळंतिणीने घराबाहेर पडायचे नाही ही रीत. बाळ दवाखान्यापर्यंत पोहोचायचेच नाही.

तेव्हा इथेही तोच मार्ग निघाला. दवाखाना घरी न्यायचा! गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या बायकांना 'आरोग्यदूत' म्हणून तयार केले. बाळाचे वजन करणे, ताप पाहणे, त्याला उबदार गुंडाळणे, लवकर अंगावर पाजायला लावणे, जन्मल्यावर न रडलेल्या बाळाला श्वास देणे, जंतुसंसर्ग ओळखून औषध आणि इंजेक्शन देणे, हे सारे त्या शिकल्या. आपल्या शहरी डॉक्टरांच्या भुवया उंचावतील असे हे काम! पण निकाल पाहा. ३९ गावांतल्या या प्रयोगात नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली हे 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. २००३ पर्यंत या गावांतला बालमृत्यूचा आकडा १२१ वरून ३० पर्यंत उतरला होता.

त्याआधी न्यूमोनिया ओळखण्यासाठी केलेली एक युक्ती मला फार आवडते. गावच्या सुइणींना मोठे आकडे मोजता येत नसत. त्यांच्यासाठी एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी ओवलेली एक चौकट केली. बाळाच्या दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याशी पोहोचलात, तर धोका. आपणही ध्यानात ठेवावे : दोन महिन्यांच्या आतले बाळ शांत असताना मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास घेत असेल, तर घरगुती उपचार करीत न बसता ताबडतोब डॉक्टर गाठावा.

२०११ पासून सरकारने 'आशा' कार्यकर्तींमार्फत नवजात बाळाच्या घरी भेटी सुरू केल्या. बाळंतपण दवाखान्यात झाले तर सहा, घरी झाले तर सात, आणि त्या ४२ दिवसांत पुऱ्या करायच्या.

आपल्याच राज्यात परकी भाषा

गडचिरोलीतच भामरागड तालुक्यात हेमलकसा येथे बाबा आमट्यांनी १९७३ साली लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहिले, आणि १९७६ साली शाळाही सुरू झाली. तिथले मूल घरी माडिया बोलते. माडियाचे नाते तेलुगू-कन्नडच्या द्राविड कुळाशी आहे, मराठीशी नाही. म्हणजे पहिलीचे मराठी पुस्तक त्याला किती परके! आपल्या पाच वर्षांच्या मुलाला कोणी एकदम कानडी शाळेत बसवले, तर तो काय करील? म्हणूनच मुलाची बोली जाणणारी बाई वर्गात असणे हे पुस्तकांच्या गठ्ठ्यापेक्षाही मोलाचे असते.

आता, आपण काय द्यावे?

* आधी विचारावे, मग पाठवावे. संस्थेला पत्र किंवा फोन करून त्यांची गरज समजून घ्यावी. नको असलेले गाठोडे निवडण्यातच तिथल्या माणसांचा दिवस जातो.

* कपडे द्यायचेच तर धुऊन, बटणे लावून, मापाप्रमाणे बांधून द्यावेत. आपल्या पाहुण्यांच्या मुलाला जे देणार नाही, ते त्यांनाही देऊ नये.

* दुधाच्या पावडरीचे डबे आणि बाटल्या चुकूनही पाठवू नयेत. अस्वच्छ पाण्यात कालवलेल्या दुधाने बाळाला हगवण लागते आणि आईचे दूधही आटते. १९९२ च्या कायद्याने अनाथाश्रमाखेरीज इतर कोणाला त्या दान करायला मनाईच आहे.

* घरात उरलेली औषधे पाठवू नयेत.

* पुस्तके द्यायची तर मोठ्या चित्रांची, थोड्या शब्दांची आणि फाटकी नसलेली. मुलांच्या बोलीतली मिळत असतील, तर ती छापायला पैसे द्यावेत.

* सगळ्यांत उत्तम म्हणजे नियमित पैसे, मग ते थोडे का असेनात. आरोग्यदूत बाईचे मानधन, बाळाचा वजनकाटा, शिक्षिकेचे प्रशिक्षण या गोष्टी गाठोड्यात बांधून जात नाहीत. पैसे देण्याआधी संस्थेची नोंदणी आणि वार्षिक हिशेब मागावा. पावती तर घ्यावीच. त्यात संकोच कसला?

एकटीला जमत नसेल, तर महिला मंडळ आहे, भिशी आहे. संक्रांतीला आपण एकमेकींना प्लॅस्टिकचे डबे आणि चाळण्या लुटतो. त्या आधीच सगळ्यांकडे ढीगभर असतात. एका वर्षी वाणाचे पैसे एकत्र करून अशा एखाद्या कामाला पाठवून पाहा. तिळगूळ तेवढाच गोड लागेल, आणि कुठल्याशा पाड्यावर वजनकाटा घेऊन निघालेल्या बाईच्या पाठीशी तुमची सगळी गल्ली उभी असेल.