ओढ्याचा हिशेब दगडाखाली

रात्री ओढ्यात सोडलेलं कारखान्याचं सांडपाणी सकाळी भरलेल्या बाटलीत सापडेलच, असं नाही. प्रवाहाबरोबर ते केव्हाच पुढे गेलेलं असतं. बाटली सांगते ती फक्त त्या घटकेची गोष्ट. तळाच्या दगडांखालचे कीटक मात्र रात्रंदिवस त्याच पाण्यात असतात. म्हणून ओढ्याची तपासणी करताना शास्त्रज्ञ दगडही उलटून पाहतात.

अशा कीटकांपैकी मेफ्लाय पंख फुटल्यावर काही तास, फार तर काही दिवस जगते. त्याआधीचे कित्येक आठवडे, काही जातींत वर्षभर, ती पाण्याखाली काढते. पोटाच्या कडेच्या नाजूक कल्ल्यांनी ती श्वास घेते. पाण्यातला प्राणवायू घटला की बहुतेक जाती टिकत नाहीत. उलट कायरोनोमस माशीच्या लाल अळ्या काळ्या गाळातही तग धरतात. त्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा, आणि तेच त्यांना तुटपुंज्या प्राणवायूवर जगवतं.

1948 मध्ये शास्त्रज्ञ रूथ पॅट्रिक यांनी अमेरिकेतल्या कोनेस्टोगा नदीखोऱ्यात शेवाळांपासून माशांपर्यंतची जीवसृष्टी तपासून प्रदूषण जोखलं. पुढे ब्रिटनमध्ये तळातल्या जीवांच्या कुळांना 1 ते 10 गुण देण्याची पद्धत आली: स्वच्छ पाण्यातल्या स्टोनफ्लायच्या बहुतेक कुळांना 10, कायरोनोमसच्या कुळाला 2. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही भारतीय नद्यांसाठी असे जैविक निकष तयार केले आहेत.

नमुने घेण्याची पद्धत साधी आहे. खळखळत्या, उथळ जागी प्रवाहाच्या आड बारीक जाळी धरायची आणि तिच्या वरच्या अंगाला पायाने तळ ढवळायचा. जाळीत आलेले जीव पांढऱ्या ताटात ओतून ओळखायचे, मोजायचे आणि परत सोडायचे. नाल्याच्या संगमाच्या वर आणि खाली, सारख्याच तळावर, दोन्हीकडे नमुने घेतले की फरक दिसतो. पुरात तळाचे जीव वाहून जातात. त्यामुळे पावसाळा सरल्यावर काही आठवडे थांबलेलं बरं.

कीटक नाहीसे झाले हे दगड सांगेल. ते कोणत्या रसायनामुळे, हे प्रयोगशाळेलाच विचारावं लागतं. मेफ्लाय सापडली म्हणून पाणी पिण्याजोगं ठरत नाही. त्यासाठी जंतूंची चाचणी हवीच. पण शाळेने किंवा ग्रामपंचायतीने दरवर्षी त्याच जागी, त्याच महिन्यात अशी नोंद ठेवली, तर ओढा बिघडत चालल्याचं मासे मरण्याआधीच कळू शकेल. यंदाच्या हिवाळ्यात आपल्या गावच्या ओढ्यापासून सुरुवात करा.