पॉलिशची गन धुताना छातीत काय जाते?

दिवाळीचे आणि लग्नसराईचे दिवस जवळ आले की घरोघरी फर्निचरला पॉलिश सुरू होते आणि माझ्याकडे खोकला घेऊन येणाऱ्यांत पॉलिशचे कारागीर दिसू लागतात. सुताराला भुशाचा त्रास होतो हे सर्वांना ठाऊक आहे. पॉलिशवाल्याचा त्रास मात्र हवेत विरलेला असल्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही.

अशाच एका मिस्त्रींची हकिगत. वय चाळिशीचे, विडी-तंबाखू नाही. रात्री दोन-तीनच्या सुमारास खोकल्याची उबळ यायची, छातीत शिट्टी वाजायची. यात्रेला आठ दिवस गावी गेले की बरे वाटायचे. परतून कामाला लागले की पुन्हा तेच. घरच्यांच्या मते हा पंख्याखाली झोपण्याचा परिणाम होता.

"डॉक्टरसाहेब, फवारताना मी तोंडाला रुमाल बांधतो की!" ते म्हणाले.

"आणि गन धुताना?"

"तेव्हा कशाला? तेव्हा काम संपलेलं असतं."

आपले बहुतेक कारागीर गन कशी धुतात ते पाहा. कपात थिनर ओतायचे, ट्रिगर दाबायचा आणि स्वच्छ फवारा येईपर्यंत ते खोलीतच हवेत उडवायचे. शेवटी उरलेल्या थिनरने हात धुवायचे. थिनरमध्ये टोल्युइन, ॲसिटोन यांसारखी झटकन उडणारी द्रव्ये असतात. ती उडतात म्हणून तर लाकूड लवकर वाळते. पण त्याच वेगाने ती फुप्फुसातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत पोचतात. डोके जड होणे, मळमळणे, नशा केल्यासारखे वाटणे ही त्याचीच लक्षणे. वर्षानुवर्षे असे चालले तर विसराळूपणा आणि चिडचिड वाढते. हातांची कातडी फुटते ती वेगळीच, कारण थिनर कातडीतले तेलही धुऊन नेते.

मिस्त्रींच्या दम्याचे मूळ मात्र दुसऱ्या डब्यात होते. पीयू पॉलिशमध्ये जे हार्डनर मिसळतात, त्यात आयसोसायनेट जातीची रसायने असतात. काही जणांच्या शरीराला त्यांची ॲलर्जी जडते. कामाच्या वेळी काही वाटत नाही. कित्येक तासांनी, बहुधा रात्री, दमा उसळतो. म्हणून दोष पंख्यावर जातो. वास आला नाही म्हणजे धोका नाही असेही नाही, कारण या रसायनांचा वास जाणवेपर्यंत त्यांचे प्रमाण घातक पातळीच्या वर गेलेले असते. एकदा ॲलर्जी जडली की पुढे अगदी थोडा संपर्कही पुरतो.

त्यांचा पुढचा प्रश्न होता, "पंप ओढत पीयूचं काम चालू ठेवलं तर?" कॉम्प्रेसरचे हप्ते अजून फिटायचे होते. पण याचे उत्तर एकच असते, नाही. औषधाने दमा दबतो आणि खाली छाती निकामी होत राहते. सध्या ते पाण्यात मिसळणारे, हार्डनर न लागणारे एका डब्याचे पॉलिश ब्रशने लावतात. चकाकी कमी, कमाईही कमी. पण रात्री झोप लागते.

ज्यांना अजून त्रास नाही त्यांनी काय करावे? रुमाल फवाऱ्याचे थेंब थोडेफार अडवतो, वाफ नाही. 2020 च्या साथीत घरोघरी आलेले कापडी आणि एन-95 मास्कही वाफ अडवत नाहीत. त्यासाठी कोळशाच्या डब्या बसवलेला रबरी मास्क हवा. डब्या कालांतराने निकामी होतात, त्या बदलाव्या लागतात. दाढी वाढलेली असेल तर मास्क चेहऱ्याला नीट बसत नाही. पीयूचे काम रोजचेच असेल तर बाहेरची शुद्ध हवा नळीने पुरवणारा मास्क उत्तम. तो महाग आहे, हे मला मान्य आहे. गूळ खाऊन छाती साफ होते हा समज मात्र सोडून द्यावा. गूळ चवीला चांगला, एवढेच.

गन धुण्याची योग्य रीत मला आपल्या गावातल्याच एका जुन्या कारागिराने दाखवली. काम संपताच, रंग वाळायच्या आत, हवा बंद करून नळी काढायची. कप रिकामा करून त्यात थोडेसेच थिनर घ्यायचे, हलवून झाकणाच्या डब्यात ओतायचे. असे दोनदा केले की बहुतेक रंग निघतो. मग उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, कमी दाबाने डब्यातल्या चिंधीवर थोडा फवारा मारायचा. पुन्हा नळी काढून पुढची टोपी, नोझल आणि नीडल सोडवून ब्रशने घासायची. भोक तुंबले तर लाकडी काडी वापरायची. तारेने भोक बिघडते, फवारा वाकडा जातो आणि रंग लाकडापेक्षा हवेत जास्त उडतो. अख्खी गन थिनरमध्ये बुडवायची नाही, आतले वायसर खराब होतात. शेवटी नीडलला तेलाचा थेंब. हे सर्व होईपर्यंत मास्क तोंडावर आणि नायट्राइलचे हातमोजे हातात! दवाखान्यातले पातळ रबरी मोजे थिनरपुढे टिकत नाहीत. हात साबणाने धुवावेत. विडी, उदबत्ती, स्टोव्ह जवळपास नको.

घरमालकांनाही दोन शब्द. पॉलिशवर धूळ बसू नये म्हणून खिडक्या बंद ठेवायचा आग्रह आपलाच असतो. त्यापेक्षा आदल्या दिवशी फरशी ओल्या फडक्याने पुसून घ्यावी आणि दारे-पल्ले काढून पडवीत किंवा अंगणात फवारू द्यावेत. ते शक्य नसेल तर लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि दमेकरी यांना वास पूर्ण जाईपर्यंत दुसरीकडे ठेवावे.

थिनर किंवा हार्डनर डोळ्यात उडाले तर डोळा चोळू नये. पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याच्या धारेखाली पंधरा-वीस मिनिटे धुवावा आणि लगेच दवाखाना गाठावा. येताना डबा किंवा त्यावरचे लेबल बरोबर आणावे. आत नेमके काय होते हे आम्हाला त्यावरूनच कळते.